कागद भिजू नये म्हणून

पाणीपुरवठा कार्यालयातले हेडक्लार्क बत्तीस वर्षं एकाच टेबलामागे बसत होते आणि त्या टेबलावरचं एकही पान वाऱ्यानं कधी फडफडलं नव्हतं. फडफडणार कसं? प्रत्येक पान प्लास्टिकमध्ये बंद. हजेरीपत्रक लॅमिनेट केलेलं, सुट्ट्यांची यादी लॅमिनेट केलेली, 'पंखा नादुरुस्त आहे' ही चिठ्ठीसुद्धा लॅमिनेट केलेली. पंखा दुरुस्त होऊन सहा वर्षं झाली होती, चिठ्ठी अजून नवीकोरी होती. तोंडावर सगळे त्यांना काका म्हणत आणि पाठीमागे लॅमिनेशनकाका. काकांना दोन्ही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या नावाचा त्यांना मनातून थोडा अभिमानच होता.

या वेडाला कारण होतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी रेकॉर्डरूमचं छत गळलं. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात पाणी गळतं यात कुणाला विशेष काही वाटलं नाही, पण भिजलेल्या अकराशे फायलींचं खापर या नव्या कारकुनाच्या डोक्यावर फुटलं. तीन महिने तो दोऱ्या बांधून, चिमटे लावून कागद वाळत घालत होता. शाई पसरलेले कागद त्याला पुन्हा हातानं लिहून काढावे लागले. येणारे-जाणारे विचारायचे, "काय हो, धुणं झालं का?" तेव्हापासून त्यानं मनाशी गाठ मारून ठेवली की आपल्या हातून कागद भिजू द्यायचा नाही. पुढे लॅमिनेशनचं मशीन बाजारात आलं तेव्हा काकांना देव भेटल्यासारखं झालं.

आणि मग तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतून ती पट्टी आली.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी ती तीन वर्षं खपून बनवली होती. गाळणकागदाची बोटभर पट्टी, तिच्यावर मेणाच्या छपाईनं काढलेलं एक वर्तुळ, वर्तुळात औषधाचे दोन थेंब वाळवलेले. पट्टी पाण्यात बुडवायची आणि दोन मिनिटं थांबायचं. पाणी चांगलं असेल तर वर्तुळ पांढरं राहतं, पाण्यात शिसं असेल तर लाल होतं. मोठं मशीन नको, वीज नको, शिकलेला माणूस नको. अर्ध्या कप चहाच्या खर्चात पाच पट्ट्या. बाईंनी पहिल्या हजार पट्ट्या मीटर वाचणाऱ्यांच्या हाती दिल्या आणि सांगितलं, घरोघर बुडवा आणि लिफाफ्यात घालून परत आणा.

पट्ट्या परत आल्या त्या ओल्या. लिफाफ्यांना चिकटलेल्या, काहींना बुरशी, आवक खिडकीवर मारलेला जांभळा शिक्का पसरून सगळा गोळा झालेला. ते लिफाफे काकांच्या टेबलावर उपडे झाले. अकराशे फायली डोळ्यांसमोरून सरकल्या. त्यांनी त्याच दुपारी परिपत्रक काढलं: यापुढे लॅमिनेशनविना कोणतीही पट्टी ग्राह्य धरली जाणार नाही. खाली स्वतःची सही केली, साहेबांची घेतली आणि परिपत्रक लॅमिनेट करून जिन्यात लावलं.

पुढच्या खेपेपासून पट्ट्या आधी काकांकडे येऊ लागल्या. काका त्या वीस-वीसच्या ओळीत मांडत, मशीनमधून काढत, कडा गोल कापत आणि मगच मीटरवाल्यांच्या हाती देत. मीटरवाले त्या पाण्यात बुडवत, घड्याळ लावून दोन मिनिटं थांबत, बाहेर काढून रुमालाला पुसत आणि वहीत लिहीत, 'पांढरी'.

सगळं गाव पांढरं निघालं. तेही एकदा नव्हे, महिन्यामागून महिने. शिवाय पुसलेली पट्टी पुन्हा वापरता येते हा शोध एका मीटरवाल्याला लागला आणि एकच पट्टी सतरा घरांना पुरली. साहेब हरखून गेले. असं पाणी आणि अशी पट्टी जगात कुठे नसेल म्हणाले.

बाई धावत वर आल्या. "काका, अहो, प्लास्टिकच्या आत पाणी जातच नाही!"

"तेच तर," काका समाधानानं म्हणाले.

"मग पट्टीला कळणार कसं पाण्यात काय आहे ते?"

"बाई, तुमचं शास्त्र तुम्हाला. पण भिजलेला कागद हा कागद राहत नाही, तो लगदा होतो. लगद्यावर शिक्का कुठे मारायचा, सांगा ना."

बाईंनी लेखी तक्रार दिली. लॅमिनेशन नव्हतं म्हणून ती परत आली. बाईंनी दातओठ खाऊन ती लॅमिनेट करून दिली. ती ताबडतोब स्वीकारली गेली, साहेबांपुढे गेली, पण प्लास्टिकवर पेन चालेना. साहेबांना शेरा मारता येईना आणि शेऱ्याशिवाय कारवाई होत नाही. तक्रार साहेबांच्या टेबलावर आठ महिने चकाकत पडली. साहेब तिच्यावर चहाचा कप ठेवत.

हे सगळं असंच सुखानं चालू राहिलं असतं, पण काकांच्या घरात भिंगरी होती.

भिंगरी म्हणजे काकांची सहा वर्षांची नात. दिवसभर घरात गरगर फिरायची म्हणून हे नाव पडलं. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातून दोनदा घरी यायचा, त्यामुळे घरात सून, नात आणि आबा, म्हणजे आपले काका, अशी तीनच माणसं. गेल्या काही महिन्यांत भिंगरीचं फिरणं थांबलं होतं. पोट दुखतं म्हणायची, ताटातलं तसंच टाकायची, शाळेतून आली की दप्तरासकट कोचावर आडवी व्हायची. खालच्या मजल्यावरच्या आजी पूर्वी तिच्या धावण्याबद्दल तक्रार करायच्या. परवा जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी आपण होऊन विचारलं, "बरी आहे ना हो पोर?"

डॉक्टरांनी भिंगरीची पापणी खाली ओढून पाहिली. "रक्त तपासू या. आणि घरच्या नळाचं पाणीही तपासून घ्या. जुन्या नळांतून कधी कधी शिसं येतं. लहान मुलांना फार वाईट."

काका हसले. "डॉक्टर, मी पाणीपुरवठ्यातच आहे. आमच्या गल्लीचं पाणी चौदा वेळा तपासलंय. चौदाही वेळा पांढरं."

रक्ताचा अहवाल आला. रक्तात शिसं होतं, आणि थोडंथोडकं नव्हतं. सून भिंतीला टेकून उभी राहिली. काकांनी अहवाल उलटसुलट करून पाहिला. साधा पातळ कागद, एका कोपऱ्याला कुणाच्या तरी ओल्या बोटाचा डाग. असल्या कागदावर भरवसा ठेवायचा? आपल्या चौदा पट्ट्या कशा स्वच्छ, सरळ, कडा गोल! रक्तच चुकलं असणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं. संध्याकाळी त्यांनी अहवालही घरच्या मशीनवर लॅमिनेट करून टाकला. माणूस वाईट नव्हता, पण भीतीनं त्याचं डोकं पार बंद झालं होतं, आणि बंद डोक्याच्या माणसाला समजावणं किती कठीण असतं हे घरात एखादा असल्याशिवाय कळत नाही.

"बाबा, मी पाणी वीस-वीस मिनिटं उकळते," सून म्हणाली. "तरी असं का?"

काकांनी ते सहज बाईंच्या कानावर घातलं. बाईंचा चेहरा उतरला.

"काका, उकळून शिसं जात नाही. पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं. तुमच्या घरी एकदा साधी पट्टी लावू या. एकदाच."

"चौदा वेळा लावलीय," काका म्हणाले, पण या वेळी त्यांचा आवाज जरा खाली आला.

शनिवारी भिंगरीला थोडं बरं वाटत होतं. तिनं पेन्सिलीनं एक बदक काढलं. चांगलं गुबगुबीत, मान वळवून मागे बघणारं. खालचं पाणी उद्या रंगवीन म्हणून कोरं ठेवलं आणि झोपली. कित्येक दिवसांनी पोरीनं काहीतरी हातात घेतलं याचा आबांना इतका आनंद झाला की त्यांना तो मावेना. आणि आनंद मावेनासा झाला की काका एकच गोष्ट करत.

रविवारी सकाळी भिंगरीनं रंगांची पेटी उघडली, ब्रश पाण्यात बुडवून निळ्या वडीवर घोळला आणि बदकाच्या पोटाखाली फिरवला. निळा रंग थेंब थेंब होऊन घरंगळला. तिनं पुन्हा लावला, तो पुन्हा घरंगळून टेबलावर आला. तिसऱ्यांदा तिनं ब्रश दाबून घासला. बदकाखाली एक टिपूस थांबला नाही.

"आबा, हे काय केलंत तुम्ही? पाणी आतच जात नाही!"

"अगं, पण आता ते खराब नाही होणार कधीच."

"पण आता त्याला पाणीच मिळणार नाही!" असं म्हणून ती रडायला लागली. मोठ्यानं रडण्याइतकाही जोर तिच्यात नव्हता, बारीक आवाजात रडत राहिली.

काका टेबलावरचे निळे थेंब बघत उभे राहिले. प्लास्टिकवरचे थेंब त्यांनी बोटानं फिरवून पाहिले. थेंब बोटाबरोबर सरकले आणि खाली कागद कोरडा ठणठणीत राहिला. आठ महिने प्रयोगशाळेतली बाई जे घसा फोडून सांगत होती ते काकांना त्या क्षणी समजलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या बसल्या बाईंना फोन लावला.

बाई अर्ध्या तासात आल्या. पिशवीतून त्यांनी एक लिफाफा काढला आणि लिफाफ्यातून साध्या, उघड्या, प्लास्टिक नसलेल्या पट्ट्या. काकांचा हात सवयीनं मशीनकडे गेला. बाईंनी नुसतं बघितलं. हात मागे आला.

स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी वाटीत घेतलं. पट्टी बुडली. कागदानं पाणी प्यायला सुरुवात केली तसे काका डोळे मिटून घ्यावेत की काय अशा चेहऱ्यानं बघत होते. दोन मिनिटं लागलीच नाहीत. वर्तुळ आधी गुलाबी झालं, मग लालभडक.

सुनेनं उकळून ठेवलेलं पातेलं उचललं आणि सगळं पाणी मोरीत ओतलं.

"मी केलं हे," काका म्हणाले. "माझ्या हातानं. कडा गोल कापून."

"नळ तुम्ही नाही बसवले," बाई म्हणाल्या. "पण चाळीस हजार पट्ट्या तुम्ही बंद केल्यात, हे खरं. आता काय करायचं ते बोला. या गल्लीत आणखी मुलं आहेत."

सोमवारी काका लाल पट्टी घेऊन आवक खिडकीवर गेले. खिडकीवरच्या मुलीला त्यांनीच तयार केलं होतं. तिनं पट्टी पाहिली आणि अदबीनं परत सरकवली. "काका, लॅमिनेशन नाही. घेता येणार नाही. तुमचंच परिपत्रक आहे."

काका जिन्यात जाऊन स्वतःचं परिपत्रक वाचत उभे राहिले. इतक्या महिन्यांत एक अक्षर फिकट झालं नव्हतं. लॅमिनेशनविना पट्टी ग्राह्य नाही, हे बरोबर. पण लॅमिनेशन पाण्यात बुडवण्याआधी करायचं की नंतर, हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं! काकांनी ते दहा वेळा वाचलं. मग टेबलावर जाऊन त्यांनी लाल पट्टी टिपकागदात दाबून सुकवली, लॅमिनेट केली आणि खिडकीवर दिली. मुलीनं मुकाट्यानं शिक्का मारला.

साहेबांनी पट्टी उजेडात धरली. "रंग लावलाय कुणीतरी."

"साहेब, मी स्वतः बुडवली. घरच्या नळात."

"साक्षीदार?"

"सून आणि प्रयोगशाळेतल्या बाई."

"एक घरची, एक तक्रारखोर." साहेबांनी पट्टी बाईंच्या जुन्या तक्रारीवर ठेवली आणि पट्टीवर कप ठेवला. "काका, बुधवारी समारंभ आहे. शुद्ध पाण्याचं मानपत्र द्यायला मुख्यालयातून प्रमुख पाहुण्या येतायत. मानपत्र लॅमिनेट करून ठेवा, छान चकचकीत."

समारंभ भिंगरीच्याच शाळेत होता, कारण तपासणीत ती शाळा सगळ्यांत पांढरी ठरली होती. मंचावर पाच खुर्च्या, पाच ग्लास. पाणी बाटलीतलं नको, थेट शाळेच्या नळाचं हवं, असा साहेबांचा हट्ट होता. समोर मुलं रांगेत बसली होती. भिंगरी तिसऱ्या रांगेत, शेजारच्या मुलीच्या खांद्यावर डोकं टेकून. साहेब अर्धा तास पाण्याबद्दल बोलले. मग त्यांनी पुकारा केला, "आता आमचे हेडक्लार्क मानपत्र आणतील."

काका मंचावर आले. एका हातात मानपत्र, दुसऱ्या हातात भली मोठी पिशवी. मानपत्र त्यांनी पाहुण्यांच्या पुढ्यात ठेवलं, खिशातून एक उघडी पट्टी काढली आणि पाहुण्यांच्या ग्लासात बुडवली.

पाहुण्या पिण्यासाठी हात पुढे करत होत्या, तो तसाच थांबला. हॉलच्या दारात उभ्या असलेल्या बाई मनगटावरचं घड्याळ बघत होत्या. मुलांना वाटलं जादूचा प्रयोग आहे, ती पुढे सरकून बसली. पांढरं वर्तुळ गुलाबी झालं, मग लाल झालं, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं, पण कार्यालयात काढलेली वर्षं अशा वेळी कामी येतात. ते माइकमध्ये म्हणाले, "या पट्टीला लॅमिनेशन नाही. परिपत्रकानुसार ही ग्राह्य नाही. सही यांचीच आहे."

मंचावरच्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पाहुण्यांचा हात पुन्हा ग्लासाकडे सरकला.

"बरोबर आहे, साहेब," काका म्हणाले. "दोन मिनिटं... नाही, चार मिनिटं द्या."

त्यांनी पिशवीतून लॅमिनेशनचं मशीन काढलं, टेबलावर मानपत्राच्या बरोबर मधोमध ठेवलं आणि प्लग शोधला. मंचावर एकच प्लग होता आणि त्यात माइक होता. काकांनी माइक काढला.

मशीन तापायला चार मिनिटं लागतात. साहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण लॅमिनेशन करू नका असं सांगणारा नियम त्यांना आठवेना. असा नियम या कार्यालयात कुणी सुचवलाही नसता. काकांनी पट्टी टिपकागदात दाबून सुकवली. पाहुण्या आधी पट्टीकडे, मग ग्लासाकडे, मग मुलांकडे बघत राहिल्या. हिरवा दिवा लागला. काकांनी पट्टी सरकवली. पलीकडून ती बाहेर आली, गरम, ताठ, चकचकीत, आणि लाल. काकांनी खिशातली कात्री काढून तिच्या कडा गोल कापल्या, शिक्का मारला आणि ती साहेबांपुढे धरली.

"आता ग्राह्य आहे," ते म्हणाले. "आता हा रंग कुणालाच पुसता येणार नाही." मग त्यांनी मुलांकडे बोट केलं. "साहेब, तिसऱ्या रांगेत माझी नात बसलीय. हेच पाणी पिते ती. घरीही आणि इथेही."

पाहुण्यांनी आपला ग्लास उचलून मंचाच्या कडेला, हात पोचणार नाही इतक्या लांब ठेवला. उरलेले चार ग्लास एकामागून एक त्याच्या शेजारी गेले. शेवटचा साहेबांचा होता. त्या दिवशी शाळेचे नळ दोरीनं बांधले गेले आणि बाईंच्या तक्रारीवरचा कप आठ महिन्यांनी उचलला गेला.

गल्लीतला शिशाचा जुना नळ खणून काढायला सात आठवडे लागले. तोवर टँकरचं पाणी होतं. काकांची चौकशी लागली, काकांनी जे घडलं ते सगळं साध्या कागदावर हातानं लिहून दिलं. चाळीस हजार घरांत पट्ट्या पुन्हा गेल्या, उघड्या. किती लाल निघाल्या हे जिन्यातल्या फळ्यावर रोज खडूनं लिहिलं जातं.

भिंगरीच्या रक्तातलं शिसं कमी होतंय, पण हळूहळू. डॉक्टर म्हणाले, गेलेले महिने भरून निघतील की नाही ते पोर मोठी झाल्यावरच कळेल. हे वाक्य काकांच्या डोक्यातून जात नाही, आणि जाऊही नये.

बंद झालेलं बदक काही सुटलं नाही. प्लास्टिक ओढलं तर मानच निघून यायला लागली, म्हणून तसंच ठेवलं. भिंगरीनं नवीन काढलं. पाणी रंगवताना तिनं वाटीच कागदावर लवंडली. कागद चिंब झाला, सुरकुतला, निळा रंग बदकाच्या पोटात शिरला. आबा स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून होते.

"आबा, भिजलं," भिंगरी म्हणाली.

"भिजू दे."

मग त्यांनी उठून स्वयंपाकघरात खिडकीपासून कपाटापर्यंत एक दोरी बांधली आणि चिमटे लावून बदक वाळत घातलं. दर रविवारी भिंगरी नळाखाली पट्टी धरते, आबा दोन मिनिटं मोजतात आणि ओली पट्टी बदकाशेजारी लावतात. पहिल्या सात लाल आहेत, आठवी फिकट गुलाबी आणि त्यापुढच्या तीन पांढऱ्या. परवा खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. पोर फार धावते हो, असं सांगायला आल्या होत्या, पण दोरी बघून थबकल्या.

"काय हो, धुणं झालं का?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही," आबा म्हणाले. "अजून बरंच आहे."